एकाच दिवशीचे देवमासे

बटण दाबलं की एवारिस्तु चहा ठेवायला उठतो.
चहा उकळतो, गाळून होतो, अर्धा पिऊन होतो,
तेव्हा कुठे पडद्यावर निळं काही उगवतं
आणि त्यात ते वर्तुळ फिरत बसतं.

"बहिरा झालाय," तो म्हणतो. "हाक मारली तर ओ देत नाही."
"किती वेळा मारता?"
"देईपर्यंत."
म्हणजे एकाच चित्रावर पंधरा टिचक्या.
मग तो पंधराही हाकांना एकदम ओ द्यायला जातो
आणि बसकण मारतो.

हाच माणूस पिकु बेटाच्या दक्षिण कड्यावर
दगडी बुरुजाच्या फटीएवढ्या खिडकीशी
दुर्बीण लावून आठ-आठ तास बसायचा.
अजून बसतो. पाण्यावरच्या एका फवाऱ्यासाठी.
पूर्वी खाली भालेवाले वाट बघायचे,
आता केशरी जाकिटातले पाहुणे.
समुद्रावर तो कधी चिडला नाही.
या डब्यावर चिडतो.

पेटी आडवी करते, बाजूचा पत्रा काढते.
आत मांजर आहे. म्हणजे मांजराचं सगळं आहे,
मांजर सोडून. पंख्याला राखाडी लोकर गुंडाळलेली,
खारा वारा पत्र्याची कड तांबूस चावून गेलेला,
प्रोसेसरवरची पेस्ट सुकून खडू.
ब्रशने झटकते, फुंकर मारते, शिंकते.
"सांतीन्या," तो म्हणतो. शिंकेला इथे असंच म्हणतात.

डिस्कला कान लावते.
टक्. टक्. मग बराच वेळ काही नाही. टक्.
काठोकाठ भरली आहे, श्वास घ्यायला जागा नाही.
कशाने? एका वहीने.
'नोंद', 'नोंद नवी', 'नोंद नवी प्रत',
'नोंद नवी प्रत हीच खरी'.
रोज फोटोंसकट अख्खी वही, अधिक आजची एक ओळ.
"त्याच वहीत का लिहीत नाही?"
"म्हणजे कालच्यावर आज गिरवू?"
याचं उत्तर कुठल्याच मेनूत नाही.

मग तारखा दिसतात.
तारीख यंत्रच टाकतं, आणि गेली चार वर्षं
ते एकच टाकतंय: एक जानेवारी, दोन हजार तीन.
मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी मेली आहे.
हा रोज रात्री भिंतीवरचा खटका बंद करतो, वीज वाचवतो,
आणि यंत्र सगळं विसरून आपल्या जन्माकडे परत जातं.
म्हणून त्या एका दिवशी,
मध्यरात्रीनंतरच्या पहिल्या काही मिनिटांत,
पिकुच्या दक्षिणेला
सहाशे एकेचाळीस देवमासे वर येतात,
माद्या पिलांसकट,
आणि शेपटीला खाच असलेला एक नर
अडतीस वेळा.

मी हसत सांगते. तो हसत नाही.
"त्या दिवशी बुरुजावर कोणी नव्हतं."
खिडकीबाहेर बघतो.
"वारा असा होता की होडी नाही, विमान नाही.
दुल्से आतल्या खोलीत. मी उशाशी.
झडपा लावून घेतल्या होत्या, तिला आवाज सोसत नव्हता."
चहा निवलाय. तो तोच पितो.
"सहाशे?"
"एकेचाळीस."
"गेलेही असतील," तो म्हणतो. "मला काय माहीत."

दीड युरोची बॅटरी बसवते. घड्याळ आजवर आणते.
नवी डिस्क, मेमरीची जादा पट्टी.
मागच्या तारखांचं काय करू, विचारते.
तो हवेतली माशी वारावी तसा हात हलवतो.
तारखा राहतात.

"आता दाबून बघा," म्हणते.
तो दाबतो आणि सवयीने चहाकडे उठतो,
तर पडदा आधीच जागा, लख्ख, काय हवं विचारतोय.
तो तसाच अर्धा उभा, एक हात खुर्चीवर,
दुसरा कशासाठी निघाला होता ते विसरलेला.

पत्रा लावताना नेहमीसारखा एक स्क्रू उरतो.
कुठला, ते कधीच कळत नाही.
खिशात टाकते.