किलो

मैल साठतात, किलो साठत नाहीत.
लिस्बनच्या या काउंटरवर अठरा वर्षं उभी आहे,
एवढं तरी कळलंय.

सेन्योर एव्हरिस्तो दर महिन्याला प्रायाला जायचे.
सोनेरी कार्ड, वेगळी रांग, पायाखाली लाल गालिचा.
तीन बॅगा फुकट, प्रत्येकी बत्तीस किलो,
आणि हातात फक्त चामडी पिशवी:
कागद, दाढीचं सामान, एखादं संत्रं.
मी विचारायची, सामान?
ते मान हलवायचे.
शहाण्णव किलो हवा
पट्ट्यावरून सरकत आत जायची.

शेजारच्या रांगेत, त्याच विमानाच्या बायका
फरशीवर गुडघे टेकून बॅगा उपसत.
इस्त्री बाहेर. सुका मासा आत.
शाळेचे बूट, एक आत, एक बाहेर, मग दोन्ही आत.
काटा तेविसावर आला की हसत,
चोविसावर गेला की माझ्याकडे बघत.
मी पाटीकडे बोट दाखवायची.
एकाची रिकामी जागा दुसऱ्याला देता येत नाही.
बॅग तुम्ही स्वतःच भरलीत ना,
हे मी उगाच नाही विचारत.

मार्चमध्ये त्यांचं कार्ड संपलं.
नोकरी त्याआधीच.
मे महिन्यात आले ते लांब रांगेतून,
आईचं शिवणयंत्र घेऊन.
आई अमादोरात गेली, यंत्र प्रायातल्या बहिणीला हवं होतं.
सव्वीस किलो चारशे.
मी रक्कम सांगितली.
त्यांनी सवयीनं तेच कार्ड पुढे केलं.
संगणकानं ओळखलं नाही. मी ओळखलं.
"अकरा वर्षांत मी कधी एक किलोसुद्धा..."
पुढचं त्यांनीच गिळलं.

मग ते फरशीवर बसले.
दोन्ही गुडघे वाजले.
बॅगेची चेन कुठून उघडते, तेही सापडेना.

मागची फिलोमेना,
जिची इस्त्री मी कितीदा बाहेर काढायला लावली,
पुढे येऊन खाली वाकली.
"याचं चाक सुटतं. हा स्क्रू बघा.
कोटाच्या खिशात घाला.
अंगावरचं कुणी तोलत नाही."

कोट वडिलांचा, लोकरी,
बॅगेत मावला नाही म्हणून अंगात.
चाक उजव्या खिशात. लाकडी झाकण काखेत.
तेवीस.
मी साधी पांढरी पट्टी चिकटवली.

ते निघाले, एका अंगाला कललेले,
भर उन्हाळ्यात घामाघूम.
फिलोमेना मागून ओरडली,
"खालून हात धरा हो,
शिवण उसवेल!"