पासंग

पाकीट मुलीच्या नावानं आलं, गाडी तिच्या नावावर म्हणून.
आत तीन पानं, प्रश्न मात्र एकच:
मंगळवारी अकरा बेचाळीसला
रॉथवेलच्या रस्त्यावर ही गाडी कोण चालवत होतं?
हद्द तीस मैलांची. वेग सदतीस.
अठ्ठावीस दिवसांत कळवावे.

"बाबा, भरून टाकू," मुक्ता म्हणाली, "शंभर पौंड,"
आणि उलथनं जरा जोरात आपटलं.
जावई म्हणाला, कोर्स असतो, अर्ध्या दिवसाचा,
चुकलेल्या माणसांना एकत्र बसवून शिकवतात.
शेजारचा ग्रॅहम, जन्मभर लॉरी चालवलेला,
कुंपणावरून म्हणाला, "लढ.
त्यांचं यंत्र शेवटचं कधी तपासलं, ते विचार.
निम्म्या वेळा कागदच सापडत नाही त्यांना."

यंत्र कधी तपासलं!
हे मला केटरिंगमध्ये कुणी शिकवायला नको.
एकतीस वर्षं हेच विचारत हिंडलो मी,
वजनमापे निरीक्षक, जिल्हा सांगली,
जीपमध्ये मखमलीच्या खाचांत पितळी वजनं,
आणि काटा स्थिर होईतो रोखलेला श्वास.
दुकानदार चहा मागवायचे. मी प्यायचो नाही.
म्हणजे तपासणी संपेपर्यंत प्यायचो नाही.

रात्री बसून दीड पान लिहून काढलं.
प्रमाणपत्राचा क्रमांक, व्हॅन कुठे उभी, कोन किती,
यंत्राला चूक किती माफ.
शेवटी 'सबब' लिहिलं आणि खोडलं,
कारण 'सबब'ला इंग्रजीत तितका दरारा नाही.

तेवढ्यात आष्ट्याचा भूपाल चौगुले आठवला.
किलोमागे चाळीस ग्रॅम कमी.
"सायेब, वजन झिजलंय. लोखंड पण झिजतंय की."
मी म्हणालो, "झिजलेलं वजन
दर वेळी दुकानदाराच्याच बाजूनं कसं झिजतं?"
अख्खा बाजार हसला. मीही हसलो. पावती फाडली.
त्यानं ते वजन उलटंसुलटं करून पाहिलं,
लबाडी त्या लोखंडानं केली असावी तसं.
खरं बोलत असेल का तो?
हा प्रश्न मला आज पडतोय,
माझं वजन त्याच्या तागडीत पडल्यावर.

मंगळवारचं सांगतो.
नातवाचे विसरलेले बूट शाळेत देऊन येत होतो.
लायसन्स सहासष्टाव्या वर्षी, दुसऱ्या खेपेला मिळालेलं.
एरवी शेजारी कुणीतरी असतंच:
बाबा हळू, बाबा राउंडअबाउट, बाबा तो सायकलवाला.
त्या दिवशी शेजारची सीट रिकामी होती.
दोन्हीकडे पिवळीजर्द शेतं, इथल्या मोहरीची,
काच खाली, आणि वाऱ्याला बरा वास.
रस्त्यावर चिटपाखरू नाही,
ती व्हॅन सोडून, आणि ती मला दिसली नाही.

पण काटा दिसला होता.
हेच ग्रॅहमला सांगता येत नाही.
तेहतीस. पस्तीस.
ज्या डोळ्यांना अर्ध्या ग्रॅमची थरथर कळायची
त्यांनी काटा पाहिला, आणि चढू दिला.
मापात पाप म्हणतात ते हेच असेल,
तर पाप फार हलकं होतं,
भाचीला चिमूटभर जास्त साखर द्यावी तितकं.

आणि लढलो, जिंकलोही समजा,
तर कागदोपत्री कायमचं ठरणार
की त्याही दिवशी मी तीसनंच चाललो होतो.

दीड पान घडी करून टेलिफोनच्या बिलांत ठेवलं,
फाडलं नाही.
मुक्तानं आतून विचारलं, "मग काय ठरलं?"
"पेन कुठंय?" मी म्हणालो.
फॉर्मवर चालकाच्या नावासाठी चौकोन आहेत,
दिगंबर रामचंद्र लाटकर त्यांत मावत नाही.
वडिलांचं नाव गाळून बसलोय लिहीत,
एका चौकोनात एकच अक्षर,
हळू.