उरलेलं पाणी

आमच्या गल्लीत आठव्या दिवशी नळाला पाणी येतं,
तेही पहाटे साडेतीनला.
आधी फुसफुसतं, मग खोकतं, मग ओततं.
पिंप, घागरी, पातेली, जुना कुकरसुद्धा भरला
की मागच्या दारात मशीन ओढायची,
थोरल्यानं पुण्याहून पाठवलेली, दोन टबांची.

या खेपेला मालनचा हात प्लास्टरात.
ती स्टुलावर, मी मशीनपाशी.
सोबतच्या पुस्तिकेत कन्नड आहे, हिंदी आहे, इंग्रजी आहे,
आपलं काही नाही.
बसव्वाची पोरगी भिंतीवरून वाचून सांगते,
बिळी बट्टे, बेरे.
पांढरे कपडे, वेगळे.
एवढं कळतं की मला.
उद्यमबागेत तीस वर्षं फौंड्रीत काढली,
मेस्त्री गोकाककडचा होता,
शिव्या त्याच्या अजून पाठ आहेत.

मी होतं नव्हतं ते सगळं एकदम कोंबलं.
"तंबाखूचं पोतं भरतायसा काय?" मालन म्हणाली.
"वर वीतभर जागा ठेवा.
कपड्यांनाबी हातपाय हलवाय लागतात."
मग सगळं बाहेर. मग ढीग.
माझे सदरे, टोपी, उशांचे अभ्रे: पहिलं पाणी.
सुनेचे पंजाबी ड्रेस, उलटे करून: त्याच पाण्यात दुसरे.
टॉवेल, चादरी, पण चादर गोल पसरून,
एका बाजूला पडली तर मशीन थयथया नाचते.
सगळ्यांत शेवटी भरमाची कारखान्याची पँट.
खिसे उलटे केले तर काळी वाळू,
एक नट, बसचं तिकीट.
तीच वाळू. माझ्या खिशातली,
आता त्याच्या.

"आणि तुझी पातळं?"
"ती होतात."
"कधी?"
"तुम्ही टब बघा, पाणी सांडंल."
"कधी होतात, मालन?"
"शेवटाला. उरलेल्या पाण्यात.
मोरी धुवायच्या आधी."

मी वाकून टबात पाहिलं.
पाणी चहाच्या रंगाचं,
वर तेलाचा तवंग,
तळाशी वाळूची बारीक रेघ.
मशीन येऊन दोन वर्षं झाली.
त्याआधी दगड होता, बादली होती,
आणि माझी पँट होती.
हिशेबात मी कच्चा नाही, पगाराची स्लिप तोंडी जुळवायचो,
पण हा हिशेब मी तिथंच सोडला.

पुढच्या आठव्या दिवशी
ती उठायच्या आत मी पहिला टब भरला,
कोरं पाणी, वर वीतभर जागा,
आणि तिचं शहापूरचं पातळ घातलं,
लाल काठाचं, भाचीच्या लग्नातलं.
एकट्या पातळाला एवढं पाणी जिवावर आलं
म्हणून सोबत माझे दोन सदरे.
टोपीही.

नवं लुगडं पहिल्या पाण्याला रंग सोडतं
हे पुस्तिकेत असेल कदाचित, कन्नडमध्ये.

मालन आली. झाकण उघडलं.
बराच वेळ काही बोलली नाही.
मग डाव्या हातानं टोपी वर काढली,
गुलाबी, गुलकंदासारखी,
आणि प्लास्टरचा हात पोटाशी धरून
भिंतीपलीकडे ऐकू जाईल इतकी हसली.
"बिळी बट्टे," म्हणाली, "बेरे!"
पलीकडून बसव्वाही हसली, कशाला ते न कळता.

शनिवारी बाजारात गुंडू तिरवीर विचारत होता,
"कल्लाप्पा, कुणाच्या वरातीत गेलतास?"
मी शेंगा घेतल्या, कोथिंबीर घेतली.

पातळ मात्र मीच वाळत घातलं.
एक टोक पेरूला, एक टोक खिळ्याला.
सहावार सगळी तार घेतं.
भरमाची पँट हातात घेऊन
मी उभा राहिलो जरा वेळ.
वारा होता. वाळेल तोवर.