तूट

उसगावच्या धक्क्यावर मी गणती लिहायचो.
पाटीला एक उभी रेघ, पाचवी आडवी,
अशी पानं भरत गेली की खनिजाचा एक पडाव भरायचा
आणि मुरगावच्या वाटेला लागायचा.
रकान्यांची नावं पोर्तुगीज, रेघा आमच्या.

डिसेंबरात एका रात्री पूल गेला.
आवाज फार मोठा नव्हता, असं आता वाटतं.
आपोलीनबायच्या फळीवरची भांडी तेवढी खाली आली
आणि कुत्री उजाडेपर्यंत गप्प राहिली.
सुरुंग लावणारे तिच्याच दारात पाणी पिऊन गेले होते.
त्यातला एक अगदी पोरगा,
भांडं विसळून परत दिलं म्हणे त्यानं.

सकाळी मधले दोन गाळे नदीत,
पलीकडे लष्कराच्या ट्रकांची रांग,
आणि पांढरी टोपी घातलेला कुणीतरी नकाशा उलटा धरून उभा.
हवालदार सुब्बय्या कमरेएवढ्या पाण्यातून आला.
विचारलं, नाव कितना है?

चार वर्षं मी पाट्या मोजल्या, बाया मोजल्या,
पावसानं बुडालेले दिवस मोजले.
पडाव कधी मोजले नव्हते.
ते येणार, जाणार, त्यांची गणती कोण ठेवतो?
चौदा निघाले. त्यातला एक गळका.

भरलेले होते ते रिकामे केले.
मुरगावात जपानी बोट थांबलीय, कुणी म्हणालं.
कुणी म्हणालं, ती कालच पळाली.
दुपारपर्यंत चौदा पडाव काठापासून काठापर्यंत
बरगडीला बरगडी लावून बांधले,
वर शाळेच्या नव्या छपरासाठी आणलेल्या फळ्या.

पण काठ चिखलाचा.
पहिला ट्रक उतरला तो आसापर्यंत रुतला.
दगड आणायचे तर अलीकडे दगड नाही,
अलीकडे फक्त आमचा ढीग,
तांबडा, तोललेला, विकलेला.

सुक्री गावडीनं कुणाला विचारलं नाही.
पाटी भरली, डोक्यावर घेतली,
चाकाखाली नेऊन ओतली.
सवयीनं माझी रेघ पडली.
मग म्हटलं, अगं, ही कुठल्या खात्यावर घालू?
ती दुसरी भरत होती.
"तुज्या पुस्तकाक चाकां आसात?"

त्यानंतर सगळ्याच बाया.

तिसऱ्या प्रहरी ट्रक चालले, एकेक, माणसाच्या चालीनं.
सुब्बय्या खूश. दोर करकचून आवळून घेतले.
इनास तांडेल काठावर विडी ओढत होता,
म्हणाला, रात्री भरती आहे,
असे आवळलेस तर पूल स्वतःलाच फाडील.
नदी सहा तास वर, सहा तास खाली,
हे त्याच्या नकाशात नव्हतं.
नऊ रात्री इनास पडावांवरून फिरला,
भरतीला दोर सैल, ओहोटीला घट्ट,
कंदील दातांत धरून.
दहाव्या दिवशी लोखंडी तराफे आले
आणि पडाव परत खनिजाला लागले.

बोट आली ती फेब्रुवारीत.
मडगावच्या कचेरीतून कागद आला:
दोनशे बारा टन तूट. कारण कळवावे.
छापील कारणं चारच होती,
ओलावा, वारा, सांडलवंड, चोरी.
रस्ता असं कुठंच नव्हतं.
मी ओलावा लिहिलं.
डिसेंबरात, दोनशे बारा टन!
शेठनं सही केली. विचारलं काही नाही.

पूल पुढे झाला, चांगला रुंद,
उद्घाटनाला फीत, पेढे.
ओहोटीला त्याच्याखाली अजून एक तांबडा पट्टा दिसतो,
पोरं तिथं खेकडे धरतात.

त्या दिवसाच्या पाट्यांचे पैसे बायांना मिळाले नाहीत.
खातंच नव्हतं, देणार कुठून.
सुक्रीनं दोनदा विचारलं, मग सोडून दिलं.
तिच्या एकट्या एकसष्ट.
रेघा माझ्याकडे आहेत.