दांडीवरची जागा

नव्या कोंबड्या रात्रीच ठेवायच्या, असं एर्मेलिंदा म्हणते.
अंधारात कोंबडीला मोजता येत नाही.
पहाटे शेजारी अनोळखी पंख दिसले
तर तिला वाटतं, ही कालही इथेच असेल.

मला पटलं नव्हतं. तरी तीन आठवडे
दोघींना जाळीपलीकडे ठेवलं,
आवाज तरी ओळखीचा होऊ दे, म्हटलं.
मग एका रात्री, खाडीवरचा वारा
फळ्यांच्या फटींतून शिट्ट्या घालत असताना,
पंख दाबून धरून, एकेकीला
दांडीच्या टोकाला नेऊन बसवलं.

सकाळी सहाला युद्ध.

कोंबड्या मोजतात. एवढंच सांगतो.
सातच होत्या माझ्याकडे, पण सातांचीही उतरंड होती:
वरती काळी सार्जंट, एका डोळ्याने अधू,
तिच्याआधी दाण्याला कोणी चोच लावत नाही.
तिच्याखाली उघड्या मानेच्या दोघी बहिणी,
मग कानांपाशी झुपके असलेली, निळी अंडी घालणारी,
मग दोन, ज्यांचं आपसांत अजून ठरलेलं नाही,
आणि तळाशी पेकोसा, ठिपक्याठिपक्यांची.
पेकोसाच्या पाठीवर चार बोटं उघडी कातडी.
ती शेवटी खाते. गारठ्यात दाराशी झोपते.
तिच्यासाठी मी खिशात मका वेगळा ठेवतो,
बाकीच्या पाठमोऱ्या झाल्या की टाकतो.

वाटलं होतं, सार्जंट फाडेल नव्यांना.
ती आली, मान ताठ करून दोघींना न्याहाळलं,
प्रत्येकीच्या तुऱ्यावर एकदाच टोचलं, शिक्का मारावा तसं,
आणि निघून गेली कोबीकडे.
कोबीचा गड्डा मी सुतळीने टांगला होता,
सगळ्यांचं लक्ष वळावं म्हणून. हेही एर्मेलिंदाचंच शास्त्र.

पेकोसा मात्र.
पेकोसा नव्या तांबडीच्या मानेवर चढली.
पिसं उपटली, थुंकली, परत उपटली,
कोपऱ्यात, मग पिंपामागे, मग माझ्या बुटांपाशी.
इतकी वर्षं साठवलेलं सगळं
तिने पंधरा मिनिटांत खर्च केलं.
मी बादली धरून उभा.

उभा राहिलो, आणि हातमोजे आठवले.

केयोनच्या सॅल्मन कारखान्यात
अकरा वर्षं मी पट्ट्याच्या शेवटच्या जागेवर होतो,
जिथे गार पाण्याची नळी गळते
आणि सुऱ्या बोथट होऊन पोचतात.
मला सगळे बटाट्या म्हणत.
मग हैतीहून विल्नेर आला.
पहिल्या दिवशी त्याने विचारलं, हातमोजे कुठले घेऊ?
फळीवर दोन जोड होते.
मी त्याला फाटका दिला.
कोणी सांगितलं नव्हतं. मुकादम जवळपासही नव्हता.
दुपारी बाकावर मी पाय पसरून बसलो,
पहिल्यांदाच.
ते सुख, खोटं कशाला बोलू,
ताज्या पावासारखं गरम होतं.

दोन हिवाळे त्याची बोटं जांभळी.
मग तो सान्तियागोला गेला, की आणखी कुठे.
जाताना हातमोजे धुऊन, घडी घालून
माझ्या जागेवर ठेवून गेला.
तेच फाटके.

पेकोसाला मी टोपलीखाली झाकलं.
कुंपणावरून एर्मेलिंदा म्हणाली,
"निबाल्दो, तिला चार दिवस बाहेर काढ.
परत येईल तेव्हा तीच नवी असेल."

चार दिवस ती लाकडांच्या खोपटात एकटी.
तांबडीच्या मानेला निळं औषध लावत राहिलो,
माझी नखं अजून निळी आहेत.
एक रात्र पेकोसाला मका न्यायला विसरलो.
विसरलो, असं म्हणतो.

आज संध्याकाळी सोडली तिला.
आत्ता बॅटरी घेऊन मोजायला आलो: नऊ.
सार्जंट मधोमध, डोळा मिटलेला की अधू, कळत नाही.
अगदी टोकाला तांबडी, तिच्याअलीकडे पेकोसा,
दोघींच्या मध्ये वीतभर दांडी रिकामी.
वारा फटीतून आत येतोय, नेमका तिथेच.
कोण आधी सरकतं, बघत थांबलो.
बॅटरीच आधी संपली.