मापात पाप

फेब्रुवारीत मधमाश्यांच्या पेटीचं वजन वाढत नसतं.
एवढं कळायला नेझकाला काटा लागत नव्हता.

तरी रोज रात्री नऊला
पेटीखालचा काटा फोनवर आकडा धाडायचा.
एकतीस किलो दोनशे.
एकतीस शंभर.
हिवाळा मध खात होता, बेताबेतानं, हिशेबात.
मग एका रात्री: पस्तीस चारशे.
दुसऱ्या रात्री एकोणचाळीस.
तिसऱ्या रात्री उणे सहा.

उणे सहा किलोची पेटी!
म्हणजे ती आता कोबारिदच्या चर्चवरून
तरंगत इटलीकडे निघाली असणार.

भाचा म्हणाला, फेकून दे,
कंपन्या काय, टोलवाटोलवी करतात.
पावती तर तिनं नोव्हेंबरातच
शेगडी पेटवायला वापरली होती,
म्हणून फोन लावतानाच आवाज चढवून ठेवला.

पलीकडे नोवो मेस्तोचा कुणी गोराझ्द.
"झाकणावरचा बर्फ झाडलात का?"
"एक्कावन्न वर्षं माश्या पाळतेय मी."
"चुकलं माझं," तो म्हणाला.
पावतीचं नावच काढलं नाही.
जरा थांबून विचारलं,
"माश्या जिवंत आहेत ना?"

याचं उत्तर तिनं तयार ठेवलं नव्हतं.
घरातल्याच सपाता घालून ती बर्फात गेली,
फोन एका कानाला,
दुसरा कान लाकडाला.
आत, खूप आत,
दूध उकळीला येण्याआधी करतं तसा आवाज.
तोही गप्प राहिला, जणू त्यालाही ऐकू येत होता.
"आहेत."
"मग बाकीचं आमच्याकडे लागलं."

पाचव्या दिवशी खोकं आलं.
जुना भाग सवडीनं पाठवा, टपालखर्च भरलेला आहे.
सोबत चिठ्ठी, हातानं लिहिलेली:
"सांधा नीट बंद झाला नव्हता, दव आत शिरलं.
चूक आमची.
या खेपेचे दोनशे चौदा काटे आहेत,
बाकीच्यांना आम्हीच आज फोन करतोय.
वायर अर्धा मीटर जास्त दिलीय.
तुमच्या फोटोत दिसलं,
ती आलुबुखाराच्या झाडाला ताणून बांधलीय."

नेझकानं चिठ्ठी दोनदा वाचली.
जमवून ठेवलेल्या रागाचं आता करायचं काय?
अंधारात जिना संपलेला असतो
आणि पाय मात्र आणखी एका पायरीसाठी उचललेला,
तसं झालं तिचं.

मार्चात तिनं चेस्टनटच्या मधाची बरणी पाठवली.
कडवट मध, सगळ्यांना आवडत नाही,
तेही लिहिलं.

एप्रिलात बरणी परत आली.
घासूनपुसून, पण रिकामी नव्हे:
कापसात गुंडाळलेले चार स्क्रू,
"हे गंजणार नाहीत."
रिकामं भांडं परत करू नये
हे त्या पोराला कुणी शिकवलं असेल,
ती संध्याकाळभर विचार करत बसली.
मधाबद्दल मात्र त्यानं अवाक्षर लिहिलं नव्हतं.
आवडला नसणार. खोटं बोलला नाही.

चारही स्क्रू तिनं स्वतः पिळले.
रात्री नऊला फोन वाजला:
अठ्ठावीस किलो सहाशे.
कालच्यापेक्षा थोडं कमी.
आणि बरोबर.