गुरुवारची पाळी

अहमदीच्या वळणावर मंत्रालयाची पाटी:
निळं आभाळ, एक पवनचक्की,
तळहातावरची म्हातारी
फुंकून उडवणारी मुलगी.
खाली दोन भाषांत, आमचा वायू, तुमचा श्वास.

दर गुरुवारी मी शिडी लावतो.
आधी तिचा गाल.
फडकं पिळलं की बादलीत काजळ उतरतं.
आभाळाला तीन बादल्या लागतात.

"अक्षरं जपून!" रोडेल खालून ओरडतो,
"रंग उडाला तर पगारातून कापतील."

रात्री पाटीमागे
रिफायनरीची ज्वाळा उंच होते.
कापड तसं पातळच,
मुलीच्या ओठांतून
सरळ जाळ निघताना दिसतो.

नफीसाला मी दिवसाचा फोटो पाठवला.
"किती स्वच्छ आहे गं बाई तिकडे!"
"हो," म्हटलं,
"मीच पुसतो."